दोन टिंबं, एक तिरपी रेघ

आमच्या ऑफिसात कोणीही नवीन वेबपान बनवलं की ते आधी मॅडमकडे जायचं. त्या चष्मा काढून पदराने पुसायच्या, परत डोळ्यांवर चढवायच्या आणि वरच्या पत्त्याच्या पट्टीत जाऊन तीन कळा दाबायच्या. टिंब, टिंब, तिरपी रेघ. पुन्हा टिंब, टिंब, तिरपी रेघ. असं चार-पाच वेळा. मग हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत बसायच्या. "मागं जाता येते का पाहू," एवढंच म्हणायच्या.

मागं जाता आलं नाही तर पान पास. जाता आलं, तर ज्याने ते बनवलं त्याच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहायच्या. बोलायच्या नाहीत. त्याने मान वर करेपर्यंत थांबायच्या.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ज्यांचं कामच दुसऱ्याची चूक काढण्याचं असतं, त्यांच्याशी कोणाचं भांडण नसतं. पण चहाला जाताना त्यांना हाक मारायचं मात्र सगळे विसरतात. आम्हीही विसरायचो. जिना उतरून खाली टपरीवर पोचल्यावर कोणाला तरी आठवायचं, आणि मग, जाऊ दे, आता कोण वर जाणार, असं व्हायचं.

ऑफिस गोंदियात, गोरेगाव रोडला, एका टायरच्या दुकानावर. आम्ही पाच जण. राइस मिलच्या, शाळांच्या, नागझिऱ्याच्या आजूबाजूच्या लॉजच्या वेबसाइट बनवायचो. मालकांना सगळे भैयाजी म्हणत. गोंदियातल्या बऱ्याच ऑफिसांसारखी आमचीही कामाची भाषा हिंदी. मॅडम मात्र जवळच्याच कामठा गावच्या. भैयाजी हिंदीत विचारायचे, मॅडम आपल्या झाडीबोलीत, म्हणजे इकडच्या मराठीत, उत्तर द्यायच्या, आणि दोघांचं कधी अडलं नाही.

कामठ्यात त्या बरीच वर्षं कॉम्प्युटरचा क्लास चालवायच्या. हातोहाती फोन आले तशी मुलं कमी झाली आणि क्लास बंद पडला. तेव्हा त्या पन्नाशीला आल्या होत्या. मुलाखतीला आल्या तेव्हा भैयाजींनी डिग्री विचारली. मॅडम म्हणाल्या, डिग्री बीएची आहे, पण तुमच्या कंपनीची स्वतःची वेबसाइट उघडा जरा. भैयाजींनी उघडली. मॅडमनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला, त्या तीन कळा पाच-सहा वेळा दाबल्या, पुढे एका फाइलचं नाव लिहिलं, आणि सर्व्हरच्या आतली यादी पडद्यावर आली, कुठल्या खात्याचं काय नाव, सगळं. भैयाजींनी ती यादी खालपर्यंत वाचली. मग म्हणाले, "सोमवार से आ जाइए."

हा दोन टिंबांचा प्रकार ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कॉम्प्युटरमध्ये फाइली खोल्यांत ठेवल्यासारख्या असतात, खोलीत खोली. दोन टिंबं आणि तिरपी रेघ म्हणजे "या खोलीतून बाहेर, वरच्या खोलीत." वेबसाइटने तुमच्याकडून फाइलचं नाव घेतलं आणि न तपासता ती फाइल आणून दिली, तर तुम्ही नावाच्या जागी रस्ताच सांगू शकता. बाहेर पड, आणखी बाहेर पड, आता डावीकडच्या कपाटातलं ते बाड आण. मॅडम हे क्लासमधल्यासारखं समजावायच्या. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये आपण अर्जाचा नंबर देतो, शिपाई कागद आणून देतो. तो शिपाई सांगाल त्या कपाटात हात घालायला लागला, तर गावाचे सातबारे रस्त्यावर येतील.

मॅडमचं लग्न झालं नव्हतं. स्टेशनच्या पलीकडे एका खोलीत राहायच्या. भाऊ, भावजय, भाचे, सगळे कामठ्यात. मी एकदा विचारलं, इतकं जवळ घर असून तुम्ही तिथे का राहत नाही? त्या म्हणाल्या, "पाहुणी म्हणून मी बरी राहते तिथं." दिवाळीत ऑफिस चार दिवस बंद असायचं. पाचव्या दिवशी आम्ही किल्ली घेऊन यायचो तेव्हा मॅडम जिन्यात बसलेल्या असायच्या, पिशवी मांडीवर घेऊन. कधीपासून बसल्या होत्या, ते कोणी विचारलं नाही.

मी त्यांच्या जवळ गेले ती नागझिऱ्याच्या एका लॉजमुळे. वेबसाइट मी बनवली होती. जंगलाचे फोटो, सफारीचं बुकिंग, पाहुण्यांनी ओळखपत्राची प्रत चढवायची सोय. फोटोंच्या पानावर बिबट्याचा फोटो होता आणि पत्त्याच्या पट्टीत त्या फाइलचं नाव दिसायचं. मॅडमनी ते नाव खोडलं, आपली तीन अक्षरं टाकली, आणि थोड्या वेळाने माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"बिबट पाहाले गेली होती," त्या म्हणाल्या. "पाहुण्यायचे आधार कार्ड दिसून राहिले."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. लॉजच्या मालकाला फोन करून सांगावं लागलं. त्याला आधी वाटलं, आम्ही बिबट्याच्या फोटोबद्दल काहीतरी तक्रार करतोय. मॅडमनी फोन घेतला आणि शांतपणे विचारलं, तुमचं रजिस्टर कोणी येऊन वाचत बसलं तर चालेल का? चालणार नाही म्हणाला. मग आजचा दिवस वेबसाइट बंद राहील, म्हणाल्या.

दुपारपर्यंत मी दुरुस्ती केली. पत्त्यात दोन टिंबं आणि रेघ दिसली की ती पुसून टाकायची, अशी एक ओळ लिहिली आणि त्यांना दाखवायला गेले. मॅडमनी चष्मा पुसला. मग चार टिंबं टाकली आणि पुढे दोन रेघा. माझ्या ओळीने इमानदारीने मधली दोन टिंबं आणि एक रेघ पुसली. उरलं काय? दोन टिंबं, एक रेघ. पाहुण्यांची आधार कार्डं परत पडद्यावर.

मी दुसरी ओळ लिहिली. त्यांनी तीच टिंबं टक्क्याची खूण आणि पुढे संकेत अशा वेशात लिहून आत घातली; कॉम्प्युटर त्यांनाही टिंबंच समजतो. मी तोही वेश ओळखायला शिकवलं, तर त्यांनी वेशावर वेश चढवला. संध्याकाळी मी रडकुंडीला आले तेव्हा त्यांनी खुर्ची ओढून मला शेजारी बसवलं.

"वाईट काय काय आहे ते वेचत नको बसू," त्या म्हणाल्या. "एक खडा राहतेच. चांगलं किती आहे ते मोज न् तेवढंच आत घे. आणि जमत असन तर त्याच्यापासून नाव घेऊच नको. नंबर घे. कोणत्या नंबराची कोणती फाइल, ते आपल्यापाशी राहू दे."

जिथे नाव घ्यावंच लागतं तिथे काय करायचं, तेही त्यांनीच शिकवलं. आलेला रस्ता आधी पूर्ण उलगडायचा, सगळी टिंबं, सगळे वेश फेडून तो खरोखर कुठे पोचतो ते बघायचं, आणि तो आपल्याच खोलीत संपत असेल तरच फाइल द्यायची. "उलगडायच्या आधी तपासलं त काही कामाचं नाही," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून मी डबा घेऊन त्यांच्या टेबलाशी बसायला लागले. रोज नाही. जेव्हा बाकीचे बाहेर गेलेले असायचे तेव्हा. हे आता लिहिताना माझ्या लक्षात येतंय.

मग लॅबचं काम आलं. रक्त-लघवी तपासणारी खाजगी लॅब. तालुक्यांच्या गावी तिची नमुने घेण्याची ठिकाणं होती. पेशंटच्या फोनवर लिंक जायची, लिंक दाबली की रिपोर्ट उघडायचा. ते पान माझ्याकडे आलं. लॅबच्या जुन्या यंत्रणेत फाइलींना नावंच होती, म्हणून नंबर वापरणं पुढे ढकललं. मी मॅडमच्या सांगण्याप्रमाणे रस्ता उलगडला आणि तो "रिपोर्ट" या खोलीपासून सुरू होतो की नाही ते तपासलं.

मॅडमनी ते वाचलं आणि म्हणाल्या, खोलीच्या नावापुढे रेघ मार, म्हणजे नाव तिथेच संपेल. "'रिपोर्ट' अशी सुरुवात आहे का एवढंच पाहून राहिली तू. उद्या शेजारी 'रिपोर्ट-जुने' नावाची खोली केली कोणी, त तिचीही सुरुवात तशीच आहे."

मी हो म्हटलं. त्याच वेळी शाळेतून फोन आला, मुलीला ताप होता. मी निघाले. दुसऱ्या दिवशी घरी राहिले. तिसऱ्या दिवशी आल्यावर काम पुढे सरकलेलं होतं आणि ती रेघ माझ्या डोक्यातून गेली. मॅडमनी पान पुन्हा तपासलं तेव्हा शेजारी कुठली खोली नव्हतीच, त्यामुळे मागं जाता आलं नाही. पान पास झालं.

दीड-दोन महिन्यांनी लॅबच्या माणसांनी सोयीसाठी जुने रिपोर्ट आणून त्याच सर्व्हरवर टाकले. खोलीला नाव दिलं तेच, जे कोणालाही सुचेल. रिपोर्ट-जुने.

मॅडम रोज सकाळी आल्यावर आधी सर्व्हरची नोंद वाचायच्या. वेबसाइटकडे कोणी काय मागितलं, त्याची एकेक ओळ तिथे उमटते. आम्ही कोणी ती वाचायचो नाही, लांबलचक, कंटाळवाणी. एका सकाळी त्या वाचता वाचता थांबल्या. कोण्या परक्याने दोन दिवस बसून ती तीन अक्षरं टाकून बघितली होती, खोल्यांची नावं अंदाजाने लिहून बघितली होती आणि शेवटी एक बरोबर लागलं होतं. मग एकामागून एक रिपोर्ट उघडले होते.

भोक बुजवायला मॅडमना पंधरा मिनिटं लागली. रेघ मारली. मग दिवसभर बसून त्यांनी नावं घेणंच बंद केलं, त्या जागी नंबर आणले, आणि जुने रिपोर्ट त्या सर्व्हरवरून काढून इंटरनेट नसलेल्या एका कॉम्प्युटरवर ठेवले. त्या काम करत होत्या तेव्हा मी माझ्या जागी बसून होते. मला माहीत होतं ती ओळ कोणाची आहे. मी उठले नाही.

संध्याकाळी त्या भैयाजींकडे गेल्या. ज्यांचे रिपोर्ट उघडले गेले त्यांना कळवायला पाहिजे, म्हणाल्या. भैयाजींनी विचारलं, कोणाला कळलंय का? कोणाची तक्रार आली का? नाही ना? मग म्हणाले, "सोते हुए को क्यों जगाना, मॅडम?" मॅडमनी लॅबला पत्र लिहिलं. लॅबने सांगितलं, हा सॉफ्टवेअरवाल्यांचा विषय आहे. भैयाजी म्हणाले, पेशंट तर लॅबचे आहेत. असं ते दोघांमध्ये फिरत राहिलं, आणि शेवटी कोणाचाच विषय राहिला नाही.

पुढच्या आठवड्यात मी एक गोष्ट पाहिली. मॅडमनी पडद्याच्या खालच्या भागावर पुठ्ठा चिकटवला होता आणि त्या नोंदीत सापडलेला एकेक रिपोर्ट उघडत होत्या. वरचं नाव आणि गाव वहीत लिहायचं, फाइल बंद करायची, पुढची उघडायची. खाली काय लिहिलंय ते दिसू नये म्हणून पुठ्ठा.

"काय करताय?" मी विचारलं.

"सांगाले जाणार आहे," त्या म्हणाल्या. "कोणाचा आजार वाचाचा मले अधिकार नाही. गाव तेवढं पाहिजे."

आणि त्या खरंच गेल्या. सुटीच्या दिवशी, एसटीने, एकेका गावाला. काय होतं तिथे ते सोमवारी त्रोटक सांगायच्या. एका म्हाताऱ्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, मग साखर किती निघाली माझी? एका बाईला वाटलं, या लॅबच्या आहेत आणि रक्त घ्यायला आल्या आहेत. तिने बाही वर केली. एका दुकानदाराने त्यांना उन्हात उभं ठेवून नाव-पत्ता लिहून घेतला. बहुतेकांनी पाणी दिलं, चहा विचारला, आणि बरं म्हणून कामाला लागले. "लोकायले काही वाटत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण सांगितलं त पाहिजेच ना."

सडक अर्जुनीला मी त्यांच्यासोबत गेले. मला मन खात होतं, म्हणून.

हायवेच्या मागे, ढाब्यांच्या ओळीपासून आत, विटांचं घर होतं. अंगणात एक बावीस-तेवीस वर्षांची मुलगी कपडे वाळत घालत होती. तिच्या आईने आम्हाला बसायला प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या. मॅडमनी मुलीला, तुझ्याशीच बोलायचं आहे, असं सांगितलं, पण आई काही हलली नाही.

"तुझा तीन सालाआधीचा एक रिपोर्ट होता," मॅडम म्हणाल्या. "तो आमच्या चुकीनं कोण्या परक्या माणसानं उघडला. कोण होता ते मले माहीत नाही. पुढं काय करन तेही माहीत नाही. आता तो रस्ता बंद केला आहे. तुले माहीत असावं म्हणून आली."

मुलीने हातातला ओला कपडा तसाच धरून ठेवला. "तुमी वाचला का?"

"नाही. नाव न् गाव वाचलं."

ती आईकडे बघत होती. मग म्हणाली, "सिकलसेलचा होता. वाहक आहे मी."

"हळू बोल," आई म्हणाली.

आमच्या भागात रक्ताच्या या आनुवंशिक आजाराचं नाव सगळ्यांना माहीत आहे. वाहक असलेला माणूस धडधाकट असतो, त्याला काही होत नाही. पण नवरा-बायको दोघेही वाहक निघाले तर मुलांना तो आजार होऊ शकतो. दोघांची आधी तपासणी केली तर प्रश्न नसतो. पण सोयरिकीत तो शब्द नुसता निघाला तरी माणसं उठून जातात. या मुलीचं लग्न ठरलेलं होतं, गोरेगावकडचं स्थळ होतं, आणि तिकडे यांनी सांगितलेलं नव्हतं.

"कोणाले काही माहीत नव्हतं, बाई," आई म्हणाली. "तुमी कायले आल्या?"

मॅडमनी हात जोडले. आम्ही निघालो. परतीच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या. मला तेव्हा सांगता आलं असतं. दीड तास होता. मी फोन बघत राहिले.

मुलीने त्याच आठवड्यात नवऱ्या मुलाला फोन करून स्वतःच सांगितलं. कोण्या अनोळखी माणसाला माझी गोष्ट माहीत आहे आणि तुम्हाला नाही, हे मला बरोबर वाटत नाही, तुम्हीही तपासणी करून घ्या, असं म्हणाली. मुलगा तयार होता. घरचे नव्हते. आठ दिवसांत निरोप आला.

मुलीने मॅडमना फोनवर कळवलं. मॅडम सकाळी ऑफिसला आल्या, पिशवी टेबलावर ठेवली आणि मला म्हणाल्या, "मोडलं." मग चष्मा पुसला आणि कामाला बसल्या. एका शाळेचं निकालाचं पान होतं. त्या दिवशी सकाळपासून ऑफिस सुटेपर्यंत त्यांनी त्या एकाच पानावर तीच तीन अक्षरं टाकली. पान पक्कं होतं. ते उघडत नव्हतं. तरी त्या टाकतच होत्या.

त्या दुकानदाराने मध्यंतरी लॅबला जाब विचारला होता. लॅबने भैयाजींना फोन केला. भैयाजींनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. ते तसे वाईट माणूस नव्हते. आवाजही चढवला नाही. फक्त म्हणाले, "कंपनी की बात आप बाहर ले गईं, मॅडम."

"कंपनीची नाही नेली," मॅडम म्हणाल्या. "ज्याची होती त्याले दिली."

भैयाजींनी विचारलं, मुळात हे झालं कसं, चूक कोणाची? केबिनमध्ये पंख्याचा आवाज येत होता. मी पायांकडे बघत होते. मॅडम म्हणाल्या, तपासणीत राहून गेलं. तपासणी त्यांची होती. त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं.

त्या ड्रॉवर रिकामा करत होत्या तेव्हा मी गेले. ड्रॉवरमध्ये फारसं काही नव्हतं. चष्म्याचं जुनं घर, दोन पेनं, खोकल्याच्या गोळ्या, ती गावांची वही. बाकीचे खाली चहाला गेले होते.

"मॅडम, ती ओळ माझी होती," मी म्हटलं.

"माहीत आहे मले," त्या म्हणाल्या. "कोणती ओळ कोणं लिहिली, त्याची नोंद राहते ना. पयल्याच दिवशी पाह्यलं."

"मग तुम्ही बोलल्या काऊन नाही?"

त्या वही पिशवीत घालत होत्या. "दोनदा सांगाले पाहिजे होतं तुले. पोरीले ताप होता तुह्या, मले माहीत होतं. दुसऱ्यांदा नाही सांगितलं मी." मग पिशवी खांद्याला लावून म्हणाल्या, "डबा खाऊन घे. थंडा झाला असन."

जिन्यावरून उतरताना त्या टपरीवरच्या सगळ्यांसमोरून गेल्या. कोणी तरी चहा विचारला म्हणे. त्यांनी हाताने नको म्हटलं.

लॅबने काम दुसऱ्या कंपनीला दिलं. मॅडमच्या जागी कोणाला घेतलं नाही. पानं आता मीच तपासते. त्या काही महिने गोंदियातच होत्या. मग रायपूरला एका दवाखान्यात रेकॉर्डचं काम मिळालं म्हणून गेल्या, असं त्यांच्या घरमालकिणीकडून कळलं. मला भेटून गेल्या नाहीत. मीही त्या महिन्यांत त्यांच्या खोलीवर गेले नव्हते. रोज ठरवायचे. नंतर त्यांचा नंबर लावला तर तो अस्तित्वात नाही असं सांगणारी बाई बोलली. कामठ्याला त्यांच्या भावाकडे चौकशी केली. भाऊ म्हणाला, दिवाळीत फोन येते तिचा, नंबर माह्यापाशी नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी एकटी सडक अर्जुनीला गेले. त्या मुलीला खरं सांगायचं होतं. मॅडमना सांगून झालं होतं, तिला राहिलं होतं.

ती घरीच होती. आता एका औषधाच्या दुकानात काम करत होती. दुसरं स्थळ आलं होतं. या वेळी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं, आणि मुलाने तपासणी करून कागद आणून दाखवला, असं तिच्या आईनेच सांगितलं. आईने मला ओळखलं. खुर्ची दिली.

मी सगळं सांगितलं. रेघ, ताप, केबिन. मुलगी ऐकत होती.

"बाई त फोनवर म्हणत होत्या, चूक त्याईची होती," ती म्हणाली.

"नाही. त्यांनी मला आधीच सांगितलं होतं. चूक माझी होती."

मग तिने आईकडे पाहिलं आणि विचारलं, "मंग त्या अठी कायले येत होत्या?"

मला समजलं नाही. आईने सांगितलं. नोकरी गेल्यावर, रायपूरला जाईपर्यंत, मॅडम जवळजवळ दर रविवारी इथे येत होत्या. सकाळच्या बसने यायच्या. पहिल्या दोन वेळा आईने त्यांना बस असंही म्हटलं नाही. त्या अंगणात थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि गेल्या. तिसऱ्या वेळी ऊन फार होतं म्हणून खुर्ची दिली. मग येतच राहिल्या. भाजी निवडू लागायच्या. मुलीला दुकानातला कॉम्प्युटर शिकवायच्या. त्या रिपोर्टचं नाव पुन्हा कधी काढलं नाही.

"आमाले वाटे, मनाले लागून राहिलं बाईच्या, म्हणून येते," आई म्हणाली. "म्हणून आमी काही म्हणत नव्हतो. जेवू घालत होतो."

हायवेवरून ट्रक जात होते.

"जेवाले मोठा वेळ लावे," आई म्हणाली. "ताट पुढं घेऊन बसूनच राहे. चारची बस चुकन म्हणून मीच उठवत होती."